गाडीचा गळा

तपासणाऱ्यानं यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि "दाब" म्हणाला. तोतारामनं पाय दाबला. मग मागून जे बाहेर पडलं त्याला धूर म्हणायचं की आणखी काही, हे सांगायला तिथं कुणी उरलंच नाही. रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून लांब पळाली होती. तपासणाऱ्याचा पांढरा सदरा कोपरापर्यंत काळा झाला. यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन तिथंच थरथरत बसला.

"बंद कर, बंद कर बाबा!" तो खोकत ओरडला. "गाडी आहे की वीटभट्टी? हिला कागद कसला मागतोस, भंगारात घाल हिला!"

ब्याण्णव सालातली ही गोष्ट. धुराची तपासणी तेव्हा नवी नवी निघाली होती. जळगावच्या जीपवाल्यांना त्याचं भारी हसू यायचं. गाडी धूर सोडणार नाही तर काय अत्तर सोडणार, असं सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांत तोतारामच होता. आता त्याची बोलतीच बंद झाली. पुढच्या आठवड्यात जीपचं पासिंग होतं. धुराचा कागद नसला तर पासिंग नाही, पासिंग नाही तर परमिट नाही, आणि परमिट गेलं म्हणजे पुनाची गाडी गेली.

हो, पुनाची. कागदोपत्री जीप तोतारामची होती, चालवत तोच होता, पण कुणी विचारलं की "पुनाची गाडी" असंच त्याच्या तोंडून निघायचं. पुना त्याचा थोरला भाऊ. त्यानं वरणगावकडून ही जुनी जीप आणली, तिला डिझेलचं इंजिन बसवलं आणि पारोळा ते एरंडोल सवाऱ्या मारायला सुरुवात केली. हौस तर काय विचारता! पोळ्याला गावात बैलांची मिरवणूक निघाली की शेवटी पुनाची जीप, तिच्या बॉनेटला झूल, आरशाला फुगे. मग एका दिवाळीनंतर, बोरी नदीचा पूल ओलांडला की जो चढ लागतो ना, त्या चढावर तो कापसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकायला गेला. समोरून टँकर आला. टँकरनं ड्रायव्हरची बाजू घासत नेली आणि जीप रस्त्याकडच्या चारीत कलंडली. जीपमध्ये सवारी नव्हती. पुना एकटाच होता, आणि तो तिथंच गेला.

गावानं दहाव्याच्या आत निकाल देऊन टाकला. पुनाला घाई फार.

तोताराम त्या वेळी धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो आला, भावाला पोचवलं, चारीतून जीप काढली. इंजिनाला ओरखडासुद्धा नव्हता. पत्रा ठोकून घेतला, रंग मारला आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला. ज्याला सायकल चालवतानाही घाम फुटायचा, तो माणूस! पण बसला. आणि त्या दिवसापासून त्यानं एक गोष्ट धरून ठेवली, ती म्हणजे माझा भाऊ घाईचा नव्हता. कुणी तसं बोललं की संपलंच. एकदा एका सवारीनं चढावर उसासा सोडून म्हटलं, "इथंच घाई केली पुनाभाऊनं," तर तोतारामनं गाडी थांबवून त्या भल्या माणसाला भर उन्हात खाली उतरवलं. पैसेही घेतले नाहीत. आई झुंबरबाई कधी जेवताना बोलून गेली, "पुनाले घाई फार व्हती रे," की हा ताट सारून उठायचा. मायलेकांत दुसरं भांडण नव्हतं. हे एक होतं, आणि ते वर्षानुवर्षं शिळं होत नव्हतं.

बाकी ड्रायव्हर म्हणून तोताराम कसा होता, तर विचारू नका. पुढं बैलगाडी असली तर हा तिच्या मागे बैलांच्या चालीनं जाणार. ट्रॅक्टर असला तर ट्रॅक्टरच्या मागे. बोरीच्या चढावर तर पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून, पुढं काहीही असो. "तोताभाऊ, उतरून ढकलू का?" असं सवाऱ्या चिडवायच्या. हा दात काढून हसायचा आणि तसाच जायचा. गाडीला आधीपासूनच दम कमी आहे, असं त्याला वाटायचं. जुनी गाडी, म्हातारी झाली, तिला कशाला पळवायची?

झुंबरबाईनं मात्र पुना गेल्यापासून त्या जीपमध्ये पाय ठेवला नव्हता. पारोळ्याचा बाजार असो की एरंडोलचं लग्न, ती एसटीची वाट बघत बसायची. सकाळी तोतारामनं जीप चालू केली की ती ओट्यावर असायची तिथंच भिंतीकडे तोंड फिरवायची. पाठ तेवढी दिसायची. लेक खाणारी गाडी तिला डोळ्यासमोर नको, एवढं तोतारामला कळत होतं. वाईट वाटायचं, पण काय करणार. पोट त्याच गाडीवर होतं, आणि पुनाचं म्हणून दुसरं काही राहिलं नव्हतं.

तर अशी ही गाडी घेऊन तोताराम पिंप्राळ्याला झुलाल मिस्त्रीकडे गेला. झुलाल म्हणजे तोंडानं चालणारा माणूस. डिझेल पंपाच्या बाबतीत आपण खान्देशात एक नंबर, बाकीचे सगळे सायकलचे पंक्चरवाले, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं आणि ते तो रोज दहा जणांना ऐकवायचा. धूर बघितला, दोन बोटांत पकडल्यासारखं केलं, हुंगलं आणि म्हणाला, "नोझल. डोळे मिटून सांगतो. नोझल!"

नोझल बदलले. धूर तसाच.

"मग पंप," झुलाल म्हणाला. पंप काढला, नीट करून आणला, बसवला. धूर तसाच. मग व्हॉल्व्ह झाले, टॅपेट झाले. एअर क्लीनर उघडून त्यातलं तेल बदललं, जाळी रॉकेलमध्ये धुतली. झुलाल दर वेळी "आता बघ" म्हणायचा, तोताराम पाय दाबायचा आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीतली बाई येऊन दोघांच्या सात पिढ्या उद्धरून जायची. शेवटी झुलालनं पाना आपटला.

"तोताराम, ही गाडी नाही, हे माझ्या मागच्या जन्माचं पाप आहे! घेऊन जा. भंगारवाला इथून जवळच आहे, पत्ता सांगतो."

तोताराम मडगार्डला टेकून उभा होता. "झुलालभाऊ, पुनाची गाडी आहे हो," एवढंच तो म्हणाला. झुलालनं त्याच्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

एअर क्लीनरला एक रबरी नळी जोडलेली होती. कंपनीची नव्हे, पुनानं स्वतः बसवलेली. गावच्या वाटेवर धूळ फार, म्हणून त्यानं ही लांबलचक नळी लावून तिचं तोंड बॉनेटच्या डाव्या बाजूनं बाहेर वर काढलं होतं. गाडीनं वरची स्वच्छ हवा ओढावी, एवढाच हेतू. त्या नळीनं झुलालच्या पान्याला अडचण व्हायला लागली, म्हणून त्यानं रागारागानं ती उपटली आणि बाजूला भिरकावली. "चालू कर. पंपाचा आवाज ऐकू दे."

तोतारामनं गाडी चालू केली. पाय दाबला.

धूर नाही.

तोतारामनं पुन्हा दाबला. इंजिन असं गरजलं की त्यानं दचकून पायच उचलला. एवढ्या वर्षांत त्यानं या गाडीचा असा आवाज ऐकला नव्हता. सायलेन्सरमागे फिकट निळसर फुंकर तेवढी निघाली आणि विरून गेली.

"अरे तिच्या मारी!" झुलाल म्हणाला. त्यानं ती फेकलेली नळी उचलली, एका डोळ्यानं आत बघितलं. पलीकडचा उजेड दिसेना. मग तार घालून ओढायला लागला. आतून एक काळी, तेलकट पुरचुंडी बाहेर आली. तिच्यामागे दुसरी. मग आणखी. चिंध्यांमध्ये बांधलेल्या, काळ्या दोऱ्यानं आवळलेल्या. झुलालनं एक फोडली. आत वाळलेली मिरची, मोहरी आणि एक काळा कुळकुळीत बिब्बा.

झुलालनं हातातलं खाली टाकलं आणि दोन्ही हात पँटीला पुसले. इतका बोलका माणूस, पण त्याचा आवाज खाली आला. "तोताराम, ही करणी आहे रे. कुणीतरी तुझ्या गाडीचा श्वास बांधला."

पुरचुंड्या तोतारामच्या पायाशी पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं, नजर हटवताही येत नव्हती. झुलाल पुढं काहीतरी सांगत होता. असं इंजिन सपाटीला रांगेल, पण चढावर जोर मागितला की मधेच दम सोडेल, बरं झालं तू कधी कुणाला मागं टाकायला गेला नाहीस. ते शब्द तोतारामच्या कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत. डोक्यात एकच नाव होतं, चुडामण.

चुडामण पारोळ्याच्या स्टँडवरचा दुसरा जीपवाला. दोघांचं नंबरावरून रोज वाजायचं. पुनाच्या वेळी चुडामण मागच्या नंबरावर असायचा. तोतारामनं पुरचुंड्या फडक्यात गुंडाळल्या, जीप काढली आणि पारोळ्याला येऊन, सवाऱ्यांनी भरलेल्या स्टँडवर, चुडामणची गचांडी धरली.

"माझा भाऊ खाल्लास, आता मला खातोस?"

चुडामणच्या हातातला चहा त्याच्याच पायावर सांडला. "सोड ना भो! काय व्हयनं तुले? याड लागनं का?"

तोतारामनं फडकं त्याच्या पुढ्यात झटकलं. बिब्बे बघून चारचौघांनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. चुडामण पांढराफटक पडला. "मन्हा पोरंसनी आन, मी नही करं हाई," तो म्हणाला. मग खाली वाकला. सगळ्यात आत, नळीच्या तळाशी जी पुरचुंडी निघाली होती, तिचं फडकं तेलानं माखलं होतं तरी आतल्या घडीत निळ्या चौकड्या दिसत होत्या. चुडामणनं बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं.

"तोता, हाई ते पुनाना सदरानं फडकं शे. गाडी लई उना, तवय तोच सदरा व्हता त्याना आंगवर. आम्ही पेढा खादा व्हता ना!" त्याचा आवाज मवाळ झाला. "पुनाना सदरा मन्हाकडे कथाईन येई रे?"

तोतारामचा हात गचांडीवरून आपोआप सुटला. पुनाचा सदरा, गाडी आणली त्या दिवशीचा. तो घरातच असणार, आणखी कुठं? घरात त्याला हात लावणारं एकच माणूस होतं.

त्यानं जीप गावाकडे वळवली. झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. त्यानं फडकं तिच्यापुढं ठेवलं. वाटलं होतं ती दचकेल, रडेल, नाही म्हणेल. ती कसली दचकते! तिनं पुरचुंड्या बघितल्या आणि वैतागून म्हणाली, "अरे, काढात कसाले? इतला खोलवर ठेल्या व्हत्या, फुंकणीनी ढकलीसन!"

"तू? तू ठेवल्या?"

"मीच. मंग कोण ठेवी?" तिनं लसणाची सालं पदरातून झटकली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पुनानं नळी बसवली त्या दिवशी त्यानं तिचा हात धरून नळीच्या तोंडाशी नेला होता. हवा आत ओढली जात होती, तिच्या तळहाताला गार लागलं होतं. "'हाऊ तिना गळा शे माय,' पुना बोलना. 'आठूनच ती दम घेस.' मंग पोरना गळामा आपण काय बांधतस? बिब्बाच बांधतस ना? बैलना गळामाबी बांधतस. तशी गाडीना गळामा बांधा मी. पोळाले."

"पोळ्याला? कोणत्या पोळ्याला, माय?"

"पहिला पुना व्हता तवयच ठेवा. त्याना सदरानं फडकं फाडीसन." झुंबरबाईनं ती निळ्या चौकड्यांची पुरचुंडी उचलली, हातात जरा दाबली. "दिवाईनंतर तो गया. माले समजनं, एक पुरना नही. म्हणीसन मंग तुनासाठे दर पोळाले एक एक ठेवत गऊ. देख, तुले काही व्हयनं का?"

आता झुलालचे शब्द डोक्यात शिरले. सपाटीला रांगेल. चढावर जोर मागितला की मधेच दम सोडेल. पोळ्याला गाडीचा गळा दाबला गेला आणि दिवाळीनंतर पुना त्या चढावर ट्रॅक्टरला मागं टाकायला गेला. त्यानं पाय दाबला असणार. टँकर लांब असणार, जागा असणार, पुनाला अंदाज चुकायचा नाही. पाय दाबला, आणि गाडी ओढलीच नाही.

तोताराम तिथंच खाली बसला. ओट्याची फरशी तापलेली होती, ते त्याला कळलं नाही. एवढी वर्षं तो जे ओरडून सांगत होता ते खरं होतं. माझ्या भावाची चूक नव्हती! ते खरं होतं, आणि खरं कसं होतं ते समोर लसूण सोलत बसलं होतं.

"का रे?" झुंबरबाई त्याच्याकडे बघायला लागली. तिच्या कपाळावर आठी आली. "त्यानामुये बिघडनी का गाडी? सांग ना. का रे बोलत नही?"

तोताराम उरलेल्या पुरचुंड्या फडक्यात गोळा करायला लागला.

"नाही माय," तो म्हणाला. "नळी फुटली होती. बदलायला काढली, त्यात निघाल्या."

"हां. मंग नवी नळीमा परत ठेवू." ती लगेच उठली, आत जाऊन डबा धुंडाळायला लागली. बाहेर आली तेव्हा मुठीत नवा बिब्बा होता आणि काळा दोरा. तो पुढं झाला आणि त्यानं तिची मूठ धरली.

"आता गाडीला गळा नाही, माय. ती नळीच काढून टाकली. तू माझ्या गळ्यात बांध."

झुंबरबाई हसली. चाळिशीला टेकलेल्या बाप्यानं बिब्बा मागावा, याचं तिला हसू आलं. पण बांधला. त्याची मान खाली वाकवून, दोऱ्याला गाठ मारून, वर हात फिरवून बांधला. मग म्हणाली, "तू जास तवय मी तुनाकडे देखत नही, माहीत शे ना? मायनीच नजर आधी लागस. पुनाकडे मी रोज देखे." आणि पुन्हा लसणाशी जाऊन बसली. तोताराम गोठ्यामागे गेला आणि तोंडात उपरणं कोंबून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी काढली. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. जळगावला तोच तपासणारा होता, या वेळी लांब उभा राहिला. नळी खुपसली, दाब म्हणाला. काटा जरासा हलला आणि खाली आला. त्यानं यंत्राला दोन टपल्या मारल्या, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा तेच. "इंजिन नवं टाकलंस का?" त्यानं विचारलं. तोताराम नाही म्हणाला. कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. त्याला आनंद व्हायला हवा होता.

येताना उलट्या बाजूनं आला, म्हणून चढ लागला नाही, उतार लागला. तोताराम बोरीचा पूल ओलांडून पुढं गेला, गाडी वळवली आणि परत चढाच्या पायथ्याशी येऊन थांबला. समोर रस्ता मोकळा होता. फक्त एक ट्रॅक्टर, मागे कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली, चढावर धापा टाकत चाललेला. तोतारामनं जन्मात पहिल्यांदा उजवीकडे स्टिअरिंग कापलं आणि पाय दाबला.

जीप उसळली. ट्रॅक्टरवाल्यानं मान वळवून बघेपर्यंत ती त्याच्या पुढं होती. गाडी डावीकडे आली, चढ संपला, आणि तोताराम गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. इतकाच तर चढ होता. इतकाच! ट्रॅक्टर मागून आला, ट्रॅक्टरवाल्यानं "काय भो, बरं शे ना?" म्हणून विचारलं, यानं नुसता हात हलवला.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. झुंबरबाईनं ताट वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा, लसणाचा वास सगळ्या घरात.

"पास व्हयनी?"

"झाली, माय."

तिनं त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. निळ्या चौकड्यांचं ते फडकं तिनं राखेनं धुऊन चुलीमागच्या दोरीवर वाळत टाकलं होतं.

"त्यानी जरा दम धरा असता ना रे," ती म्हणाली. "पुनाले घाई फार व्हती."

तोतारामचा घास हातातच राहिला. झुंबरबाईनं घाईघाईनं ताट धरलं. हा आता ते सारून उठणार, हे तिला सवयीनं माहीत होतं.

तो उठला नाही.

"हा माय," तोताराम म्हणाला. "पुनाले घाईच फार व्हती."